मदनसुंदरीला कुणी विचारले?
पैठणच्या कथेपासून ‘फुंतरू’पर्यंत : ओळखीच्या प्रश्नाचा एक मराठी प्रवास

२०१६ हे वर्ष मराठी चित्रपटाच्या इतिहासात ‘सैराट’चे वर्ष म्हणून नोंदले गेले आणि ते योग्यच आहे. १ जानेवारीला ‘नटसम्राट’ आला, २९ एप्रिलला ‘सैराट’. या दोहोंच्या मध्ये, ११ मार्चला, सुजय डहाके यांचा ‘फुंतरू’ प्रदर्शित झाला. मराठीतली विज्ञान-प्रेमकथा अशी त्याची जाहिरात होती. सात आठवड्यांनी ‘सैराट’ची लाट आली आणि ‘फुंतरू’ची चर्चा मागे पडली ती पडलीच. आज दहा वर्षे होत आली. या चित्रपटाचे गुणदोष मांडणे हा या लेखाचा हेतू नाही. त्याने जो प्रश्न पडद्यावर आणला, तो मराठीत कुठून आला, याचा शोध मला घ्यायचा आहे.

कथाबीज थोडक्यात असे. अभियांत्रिकी महाविद्यालयातला, संगणकात बुडालेला एक मुलगा एका मुलीच्या प्रेमात पडतो. ती त्याला प्रतिसाद देत नाही. तेव्हा तो आपल्या तंत्रज्ञानाच्या बळावर तिची हुबेहूब प्रतिकृती तयार करतो. तीच ‘फुंतरू’. ती दिसते तिच्यासारखी, बोलते तिच्यासारखी. पण हळूहळू ती निर्मात्याच्या हाताबाहेर जाऊ लागते आणि त्याच्यावरच हक्क सांगू लागते. मूळ मुलगी आणि प्रतिकृती या दोन्ही भूमिका केतकी माटेगावकर यांनी केल्या आहेत, मुलाची मदन देवधर यांनी.

हे सगळे परदेशी चित्रपटांवरून आले, असे चटकन म्हटले जाते. चेहरा एकाचा आणि आतला माणूस दुसरा, मग हा कोण, आणि त्याच्याशी आपले नाते काय, हा प्रश्न विज्ञानकथेने निर्माण केला, असाही समज आहे. पण आमच्या शहरापासून दक्षिणेला पन्नासेक किलोमीटरवर पैठण आहे. तिथून सुरुवात केली तर हा समज टिकत नाही.

गुणाढ्याचे गाव

पैठण म्हणजे प्राचीन प्रतिष्ठान, सातवाहनांची राजधानी. मराठवाडा साहित्य परिषदेच्या मुखपत्राला ‘प्रतिष्ठान’ हे नाव आहे ते याच गावाचे. परंपरा सांगते की इथल्या सातवाहन राजाच्या दरबारी असलेल्या गुणाढ्याने पैशाची भाषेत ‘बृहत्कथा’ रचली. राजाने ती नाकारली, तेव्हा गुणाढ्य रानात बसून एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवत अग्नीत टाकत गेला. सात लाख श्लोकांपैकी एक लाख वाचले. मूळ ग्रंथ आज उपलब्ध नाही. त्याचा सर्वांत प्रसिद्ध वारस म्हणजे काश्मीरच्या सोमदेवाने अकराव्या शतकात संस्कृतात रचलेला ‘कथासरित्सागर’. सोमदेवाच्या ग्रंथातल्या कोणत्या कथा थेट गुणाढ्याच्या आणि कोणत्या नंतर मिसळल्या, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. तरी त्या कथांचे माहेर म्हणून परंपरेने पैठणचेच नाव घेतले आहे.

या ग्रंथाच्या अगदी आरंभी, कथापीठात, इंद्रदत्ताची गोष्ट येते. वररुची, व्याडी आणि इंद्रदत्त हे तीन सहाध्यायी. गुरुदक्षिणेसाठी एक कोटी सुवर्णमुद्रा हव्यात. ते नंद राजाकडे जातात, तर राजा नुकताच मेलेला. इंद्रदत्त योगबळाने राजाच्या देहात शिरतो. ठरते असे की व्याडीने इंद्रदत्ताचे रिकामे शरीर सांभाळायचे, वररुचीने राजाकडे धन मागायचे, आणि काम झाले की इंद्रदत्ताने स्वतःच्या देहात परतायचे. पण शकटाल हा मंत्री हुशार. मेलेला राजा उठतो काय आणि उठल्याउठल्या एका याचकाला कोटीचे दान देतो काय! त्याने ओळखले की आत दुसरा कुणीतरी आहे. मग त्याने काय करावे? राजपुत्र लहान आहे, शत्रू टपलेले आहेत. सिंहासनावर कुणीतरी हवे. म्हणून तो आज्ञा देतो की राज्यातली सगळी प्रेते शोधून जाळून टाका. त्यात इंद्रदत्ताचा देह जळतो आणि तो कायमचा राजाच्या शरीरात अडकतो. लोक त्याला योगनंद म्हणू लागतात.

ही गोष्ट मला विज्ञानकथेच्या अगदी जवळची वाटते. यात चमत्कार एकच आहे, परकायाप्रवेश. बाकी सगळे तर्काने पुढे जाते. चमत्काराला नियम आहे (मूळ देह शाबूत असला तरच परत येता येते), धोका आहे, आणि त्या धोक्याचा कुणीतरी व्यवहारी माणूस फायदा घेतो. शकटालाला सत्य कळले होते, पण ते सोयीचे नव्हते. राज्याला राजा हवा होता, आतला माणूस कोण याची राज्याला फिकीर नव्हती. ओळख ठरवली ती गरजेने.

दुसरी गोष्ट वेताळाची. धवल नावाच्या परिटाची बायको मदनसुंदरी. नवरा आणि भाऊ दोघेही देवीच्या देवळात आपापली शिरे कापून घेतात. देवी प्रसन्न होऊन तिला सांगते, शिरे धडांना जोड, ते जिवंत होतील. घाईगडबडीत तिच्या हातून नवऱ्याचे शिर भावाच्या धडाला आणि भावाचे नवऱ्याच्या धडाला लागते. वेताळ विचारतो, आता तिचा नवरा कोणता? राजा उत्तर देतो, ज्याच्यावर नवऱ्याचे शिर तो. कारण सर्व अवयवांत शिर श्रेष्ठ आणि माणसाची ओळख पटते ती त्यावरूनच.

सदाशिव काशिनाथ छत्रे यांच्या ‘वेताळ पंचविशी’मुळे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच या कथा छापील मराठीत आल्या. पुढे थॉमस मान यांनी १९४० मध्ये जर्मनमध्ये याच कथेवर कादंबरिका लिहिली आणि तिचा आधार घेऊन गिरीश कर्नाडांनी ‘हयवदन’ हे कन्नड नाटक रचले. त्याचा मराठी अनुवाद चिं. त्र्यं. खानोलकरांनी केला आणि विजया मेहतांनी तो रंगभूमीवर आणला. म्हणजे पैठणहून निघालेली कथा काश्मीर, जर्मनी, कर्नाटक असा फेरा करून पुन्हा महाराष्ट्रात आली.

या कथेवर पुष्कळ लिहिले गेले आहे. शिर की धड, बुद्धी की शरीर, हा वाद सर्वांना ठाऊक आहे. मला मात्र वेगळीच गोष्ट खुपते. वेताळ प्रश्न विचारतो राजाला. उत्तर देतो राजा. जिला त्या माणसाबरोबर जन्म काढायचा आहे, त्या मदनसुंदरीला कुणी विचारतच नाही. कर्नाडांनी आपल्या पद्मिनीला मन दिले, इच्छा दिली, म्हणून ‘हयवदन’ आधुनिक ठरते.

लीळाचरित्रातली कमळाइसा

मराठी गद्याचा आद्य ग्रंथ ‘लीळाचरित्र’. म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात चक्रधरस्वामींच्या आठवणी जमवून तो सिद्ध केला. स्वामींचा आणि आमच्या भागाचा संबंध जवळचा. पैठण आणि वेरूळ या दोन्ही ठिकाणच्या लीळा या ग्रंथात आहेत.

महानुभाव पंथाच्या श्रद्धेनुसार भडोचचा प्रधानपुत्र हरिपाळदेव तरुण वयात मरण पावला. त्याला स्मशानात नेले असता द्वारावतीच्या चांगदेव राऊळांनी आपला देह सोडून त्या देहाचा स्वीकार केला. हरिपाळ उठला, घरी आला. घरच्यांच्या लेखी तो हरिपाळच. त्याची पत्नी कमळाइसा. पुढे तो द्यूतात हरला, तेव्हा देणे फेडण्यासाठी त्याने तिचे दागिने मागितले. तिने नकार दिला. त्यातून आलेल्या उदासीनतेने तो रामटेकच्या यात्रेच्या निमित्ताने घराबाहेर पडला, ऋद्धिपूरला गोविंदप्रभूंना भेटला आणि चक्रधर झाला.

पंथाच्या दृष्टीने हा अवतारकार्याचा भाग आहे आणि त्याविषयी पूर्ण आदर ठेवूनच मी हे लिहीत आहे. पण कथनाच्या अंगाने एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. योगनंदाच्या कथेत ओळखणारा मंत्री होता. इथे घरात पत्नी आहे. स्मशानातून परत आलेल्या नवऱ्याबरोबर ती संसार करते आणि एका क्षणी ‘नाही’ म्हणते. ग्रंथ तिच्या मनात शिरत नाही, पण तिचा नकार नोंदवतो. त्या एका नकाराने चरित्राची दिशा बदलते. मराठी गद्याच्या उगमापाशीच देह, ओळख आणि दांपत्य यांचा असा पेच उभा आहे, ही गोष्ट आपण सहसा लक्षात घेत नाही.

नाव उलटे करणारा शास्त्रज्ञ

आता थेट विसाव्या शतकात येऊ. विज्ञानकथा मराठीत शिरली ती कोचीनच्या वाटेने. कृष्णाजी नारायण आठल्ये संपादित करीत असलेल्या ‘केरळकोकिळ’ मासिकात १९०० साली ज्यूल व्हर्नच्या चंद्रप्रवासाचे मराठी रूप ‘चंद्रलोकची सफर’ या नावाने येऊ लागले. स्वतंत्र मराठी विज्ञानकथेचा मान साधारणपणे श्री. बा. रानडे यांच्या ‘तारेचे हास्य’ला दिला जातो. ती १९१५ च्या सुमारास ‘मनोरंजन’मध्ये आली. पुढे अनंत अंतरकरांच्या ‘नवल’ने अद्भुताची आवड जोपासली. १९६६ मध्ये मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली आणि तिच्या कथास्पर्धांनी या प्रकाराला शिस्त दिली.

१९७४ च्या स्पर्धेत ‘कृष्णविवर’ या कथेला पहिले पारितोषिक मिळाले. लेखकाचे नाव नारायण विनायक जगताप. हे जगताप म्हणजे जयंत विष्णू नारळीकर. आपल्या नावाची आद्याक्षरे त्यांनी उलट क्रमाने लावली होती. नावाच्या वजनामुळे नव्हे तर कथेच्या गुणावर निवड व्हावी, हा हेतू. हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून मंगलाताईंनी ती कथा लिहून काढली. आधुनिक मराठी विज्ञानकथेचा सर्वांत मोठा लेखक दुसऱ्याच्या नावाने आणि दुसऱ्याच्या अक्षरात अवतरला, हा योगायोग मला सूचक वाटतो.

नारळीकरांच्या कथांत हा प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. ‘उजव्या सोंडेचा गणपती’त एका वळणावर माणसाचा डावा-उजवा बदलतो; दिसतो तोच, पण आरशातला. त्याहून मनाला भिडते ती इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे यांची कथा. ते अशा एका मुंबईत जाऊन पोहोचतात, जिथे पानिपत मराठ्यांनी जिंकले आहे. कथा लक्षात राहते ती पानिपतामुळे. पण तिच्यात एक छोटा प्रसंग आहे. पंत एका कचेरीत जाऊन आपल्या मुलाची चौकशी करतात. तिथली बाई यादी पाहते आणि सांगते, या नावाचे इथे कुणी नाही. लढाईचा निकाल बदलला तर जगाचा नकाशा बदलेल, हे आपण समजू शकतो. पण बापाला मुलगा नसेल, म्हणजे बाप हा बापच उरणार नाही, हे त्या कचेरीतल्या एका ओळीच्या उत्तरात नारळीकरांनी सांगून टाकले. इतिहासात रमणाऱ्या माझ्यासारख्याला ही कथा मोह घालते आणि त्याच वेळी सावधही करते. ‘असे झाले असते तर’ या खेळाची किंमत कुणाच्या तरी अस्तित्वाने चुकवावी लागते.

२० मे २०२५ रोजी नारळीकर गेले. १९७४ ते २०२५ या पन्नास वर्षांत मराठी विज्ञानकथा लक्ष्मण लोंढे, बाळ फोंडके, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर यांच्या हातून खूप पुढे आली. २०२१ च्या नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद नारळीकरांना मिळाले, तेव्हा तिला साहित्यदरबारी मानही मिळाला. पडद्यावर मात्र ती जवळजवळ आलीच नाही.

पडद्यावरची दोन रूपे

एकाच चेहऱ्याची दोन माणसे दाखवण्याचे कौशल्य आपल्या चित्रपटाकडे सुरुवातीपासून होते. दादासाहेब फाळक्यांच्या १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये अण्णा साळुंके यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. स्त्रिया पडद्यावर यायला तयार नव्हत्या, म्हणून एक पुरुष नवराही झाला आणि बायकोही. त्यानंतर दहा वर्षांनी, १९२७ मध्ये, जर्मनीत फ्रिट्झ लांग यांचा ‘मेट्रोपोलिस’ आला. त्यात यंत्राला मारिया या तरुणीचे रूप दिले जाते आणि ती खोटी मारिया शहरभर गोंधळ माजवते. स्त्रीची प्रतिकृती तिच्या संमतीवाचून बनवायची आणि ती बिथरली की तिला जाळायची, ही रीत पडद्यावर इथे ठळक झाली.

१९७२ च्या ‘सोलारिस’मध्ये आंद्रेई तारकोव्हस्कींनी त्या रीतीला वळण दिले. एका दूरच्या ग्रहावरचा महासागर नायकाच्या स्मृतीतून त्याची मृत पत्नी हारी पुन्हा घडवतो. तिचा पोशाख काढायला जावे तर त्याला उघडण्याची सोयच नाही, तो कात्रीने कापावा लागतो. नायकाला जेवढे आठवत होते, तेवढीच ती बनली आहे. पुढे ती स्वतःच विचारू लागते, मी कोण? प्रश्न वेताळाकडून आणि राजाकडून निघून खुद्द प्रतिकृतीकडे आला, तो इथे.

मराठीत असे का घडले नाही? खर्च हे एक कारण सांगितले जाते. ते मला अपुरे वाटते. ‘सोलारिस’चे मर्म यानात नाही, त्या पोशाखात आहे, आणि पोशाखाला पैसे लागत नाहीत. आपल्याकडे विज्ञानकथा म्हणजे विज्ञानप्रसार, मुलांना समज यावी म्हणून लिहायची गोष्ट, अशी धारणा घट्ट राहिली. प्रेम, मत्सर, एकटेपणा हे सामाजिक चित्रपटाचे विषय मानले गेले. या दोन खोल्यांमधले दार फार थोड्यांनी उघडले.

शिरोडकर ते फुंतरू

डहाके यांनी ते उघडले आणि तेही ‘शाळा’च्या वाटेने. मिलिंद बोकील यांच्या कादंबरीवरच्या त्या चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता. त्यात जोशीच्या नजरेतून दिसणारी शिरोडकर केतकी माटेगावकर यांनीच साकारली होती. तिथे मुलगा मुलीला लांबून पाहतो. तिच्याविषयी त्याच्या मनात एक प्रतिमा तयार होते. ती प्रतिमा आणि प्रत्यक्षातली शिरोडकर यांच्यात अंतर आहे, आणि त्या अंतरातच कादंबरीची सगळी हुरहुर आहे. ‘फुंतरू’त मुलगा मोठा झाला आहे, त्याच्या हातात संगणक आहे. आता मनातली प्रतिमा मनात ठेवण्याची त्याला गरज नाही. तो ती समोर उभी करतो. अंतर संपते आणि हुरहुरीची जागा मालकी घेते. दोन्ही चित्रपटांत चेहरा एकाच अभिनेत्रीचा असल्यामुळे हा धागा मला अधिकच स्पष्ट दिसतो.

चित्रपटाचे वातावरण वसतिगृहाचे आहे, हेही महत्त्वाचे. आमच्या शहरात बीड, परभणी, जालना, हिंगोलीकडून आलेली हजारो मुले अशाच खोल्यांत राहून अभियांत्रिकी शिकत आली. यंत्राशी सहज बोलणारा आणि वर्गातल्या मुलीशी दोन वाक्ये बोलताना घाम फुटणारा मुलगा इथल्या कुणालाही अनोळखी नाही. त्याची कीव यावी, इतका तो आपला आहे. आणि नेमके म्हणूनच त्याने काय केले हे पाहणे अवघड जाते. नकार ऐकल्यावर त्याने दुःख केले असते तर ती ‘शाळा’ झाली असती. त्याने नकार देऊ न शकणारी मुलगी बनवली.

पण गंमत अशी की फुंतरूही शेवटी त्याच्या कह्यात राहत नाही. ती हट्ट करते, हक्क गाजवते. इथे चित्रपट, त्याच्या साऱ्या विनोदी ढंगासह, एक खोल गोष्ट सांगून जातो. बोलता येणारे, प्रेम करता येणारे काही घडवायचे असेल तर त्याला नाही म्हणण्याची शक्तीही द्यावी लागते. नुसती होकार देणारी वस्तू आरसा असते आणि आरशावर माणूस फार काळ प्रेम करू शकत नाही. कमळाइसेचा नकार आठशे वर्षांनी यंत्राच्या तोंडून परत येतो, असे मी म्हणेन.

चित्रपटाची मर्यादाही इथेच आहे. लक्ष राहते मुलगा आणि फुंतरू यांच्यावर. जिचा चेहरा, जिचा आवाज घेतला, त्या मूळ मुलीचा या सगळ्यावर हक्क काय, हा प्रश्न दुय्यमच राहतो. मदनसुंदरीला इथेही पुरते विचारले गेलेले नाही.

नंतर आरती कडव यांचा ‘कार्गो’ हा हिंदी चित्रपट आला. २०१९ मध्ये मुंबईच्या मामी महोत्सवात तो दाखवला गेला आणि पुढच्या वर्षी नेटफ्लिक्सवर आला. ‘पुष्पक’ नावाच्या यानावर प्रहस्त हा राक्षस मेलेल्या माणसांना उतरवून घेतो, त्यांच्या स्मृती पुसतो आणि पुनर्जन्मासाठी पाठवतो. थोड्या साधनांत केलेला हा चित्रपट योगनंदाच्या कथेची उलट बाजू मांडतो. तिथे देह बदलला तरी स्मृती टिकली होती, इथे स्मृतीच पुसली जाते. मग पुढच्या जन्मी जाते ते काय? आपली पुराणातली नावे घेऊन, कसलीही आतषबाजी न करता, असा प्रश्न पडद्यावर विचारता येतो, हे ‘कार्गो’ने दाखवले.

आता प्रश्न कथेतला राहिलेला नाही

‘फुंतरू’ आला तेव्हा त्यातले तंत्र कल्पनेतले होते. आता तसे म्हणता येत नाही. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायक अरिजित सिंग यांच्या आवाजाची कृत्रिम बुद्धिमत्तेने केलेली नक्कल वापरण्यास अंतरिम मनाई केली. माणसाचा आवाज हा त्याच्या व्यक्तिमत्त्वाचा भाग आहे आणि तो त्याच्या परवानगीवाचून उचलता येणार नाही, अशी ही भूमिका आहे. प्रसिद्ध गायकाला न्यायालयात जाता आले. पण कुठल्याशा तालुक्याच्या गावातल्या मुलीचे छायाचित्र उचलून कुणी तिची ‘फुंतरू’ बनवली, तर तिने काय करायचे? तिची बदनामी गावात पोहोचायला एक संध्याकाळ पुरते. कायद्याचा कागद तिच्यापर्यंत पोहोचायला किती काळ लागेल, हे सांगण्याची गरज नाही. आणि चेहरा तिचाच आहे ना, एवढे पाहून निकाल देणारे विक्रमराजे प्रत्येक गल्लीत असतात.

म्हणून या जुन्या कथांकडे मी पुन्हा पुन्हा वळतो. त्यांत उत्तरे तीन आहेत. शकटाल म्हणतो, ज्याने काम चालते तो खरा. विक्रम म्हणतो, ज्याचा चेहरा तो खरा. तारकोव्हस्कींची हारी म्हणते, जिला यातना होतात ती खरी. तिन्ही उत्तरांना आपापला तर्क आहे आणि आज यंत्रांविषयी चाललेल्या वादात ही तिन्ही नव्या शब्दांत ऐकू येतात. पण चौथे उत्तर अजून मराठी पडद्यावर कुणी नीट लिहिलेले नाही. ते असे, की जिचे रूप घेतले तिला आधी विचारा.

त्या चित्रपटाला मोठे यान लागणार नाही, परदेशी तंत्रज्ञही लागणार नाहीत. एक वसतिगृह, एक मुलगा, एक यंत्र आणि एक मुलगी पुरे. कॅमेरा फक्त मुलीच्या बाजूने ठेवावा लागेल.